मातीचे मुद्दल

मुद्दल आणि नफा यांत गल्लत झाली की भरभराटीची पेढीही हळूहळू खचत जाते. वर्षानुवर्षे उचल होत राहते, गल्ल्यात रोकड खेळती दिसते, आणि ज्या दिवशी जुन्या वह्या काढून हिशेब मांडला जातो त्या दिवशी कळते की जे नफा म्हणून वाटून घेतले ते मुद्दलच होते. व्यापारी घराण्यांना हे कोणी सांगावे लागत नाही. परंतु ज्या धान्यावर, कापसावर, गुळावर आणि तेलबियांवर ही घराणी पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली, त्या साऱ्या मालाच्या मुळाशी असलेल्या मातीतही असेच एक मुद्दल साठलेले आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. त्या मुद्दलाचे नाव कार्बन. शेतकऱ्यांच्या नेहमीच्या शब्दांत, सेंद्रिय कर्ब. त्याची वही लिहिणारे मुनीम म्हणजे मातीतील डोळ्यांना न दिसणारे जीव. पृथ्वीचे तापमान वाढू लागल्यापासून या वहीत काय घडत आहे, हा आजच्या विज्ञानातील मोठ्या प्रश्नांपैकी एक आहे.

जमा आणि नावे

जगातील मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन सेंद्रिय रूपात साठलेला आहे. आज संपूर्ण वातावरणात जेवढा कार्बन आहे, त्याहून हा साठा बराच मोठा आहे. पृथ्वीवरील झाडे-झुडपे, गवत, पिके या सर्वांच्या देहांतील कार्बन एकत्र केला तरी तो याच्या निम्म्याहूनही कमी भरेल.

या साठ्यात रोज भर पडते आणि रोज उचलही होते. जमिनीवरील वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने दरवर्षी सुमारे १२० अब्ज टन कार्बन हवेतून घेतात. त्यातील जवळजवळ निम्मा त्या स्वतःच्या श्वसनात परत सोडतात. उरलेला पाने, काड्या, मुळे आणि मुळांतून पाझरणारे रस यांच्या वाटेने मातीकडे येतो. तेथे जिवाणू, बुरशी आणि त्यांचे असंख्य सोबती त्यावर जगतात, आणि जवळपास तेवढाच, म्हणजे साठ अब्ज टनांच्या आसपास कार्बन श्वासावाटे पुन्हा हवेत सोडतात.

दगडी कोळसा, पेट्रोल, डिझेल आणि नैसर्गिक वायू जाळून मनुष्यजात दरवर्षी सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत सोडते. मातीतील जीवांच्या श्वासापुढे हा आकडा लहान वाटतो. फरक इतकाच की मातीच्या खात्यात जमा आणि नावे या दोन्ही बाजू बहुतांशी जुळत आल्या आहेत. धुराड्यांच्या खात्यात केवळ नावेचीच बाजू आहे. चिंतेचे कारण येथूनच सुरू होते. साठ अब्जांच्या त्या उलाढालीत नावेच्या बाजूला शेकडा पाचांची वाढ झाली आणि जमेची बाजू तशीच राहिली, तर वर्षाला तीन अब्ज टनांची तूट पडेल. मोठ्या उलाढालीच्या पेढीत टक्क्याचा फरकही किती मोलाचा असतो, हे वाचकांना वेगळे सांगणे नको.

मुनिमांचे काम

चिमूटभर सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांच्या जाती हजारोंनी मोजाव्या लागतात. पहिल्या पावसाचा मृद्गंधसुद्धा त्यांचीच देणगी आहे; स्ट्रेप्टोमायसीस या कुळातील जिवाणू जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास. क्षयरोगावरचे पहिले प्रभावी औषध ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली याच कुळातून हाती आले.

या जीवांना तोंड नाही, पोट नाही. ते आपले पाचक रस, म्हणजे एन्झाइम, बाहेर मातीत सोडतात. पालापाचोळ्याचे मोठे रेणू तेथेच तुटतात आणि विरघळलेले तुकडे हे जीव शोषून घेतात. घेतलेल्या कार्बनला मग दोन वाटा असतात. काही भाग ऊर्जेसाठी जळून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो. काही भाग त्यांच्या देहाच्या घडणीत जमा होतो. हा जीव मेला की त्याच्या देहाचे अवशेष चिकणमातीच्या कणांना चिकटतात, कणांच्या बारीक ढेकळांत अडकून पडतात आणि तेथे अनेक दशके, कधी शतकेही टिकतात.

गेल्या काही दशकांत मातीच्या अभ्यासकांचे मत बदलले ते येथे. पूर्वी असे मानले जात असे की मातीत टिकून राहणारा कार्बन म्हणजे मुख्यतः वनस्पतींचा न कुजलेला, कठीण भाग. आता दिसते की टिकाऊ साठ्यातील फार मोठा वाटा मृत सूक्ष्मजीवांच्या अवशेषांचा आहे. म्हणजे हेच जीव उचल करतात आणि हेच जीव ठेवही ठेवतात. खाल्लेल्या कार्बनपैकी किती देहात जातो आणि किती श्वासात, या प्रमाणावर मातीच्या मुद्दलाचे भवितव्य ठरते.

उष्णता वाढली की या जीवांचे काम वेगाने चालते. सोयीच्या मर्यादेत तापमान १० अंशांनी वाढले तर श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. मग जग तापेल तशी माती अधिकाधिक कार्बन सोडेल, त्याने जग आणखी तापेल, असे हे चक्र चालू राहील काय? की सोपे अन्न संपले की हे जीव आपोआप थंडावतील? दोन्ही तर्क पटण्यासारखे होते. निवाडा मोजणीनेच व्हायचा होता.

सव्वीस वर्षांची मोजणी

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात पीटरशॅम या गावी हार्वर्ड विद्यापीठाचे संशोधन-वन आहे. ओक, मेपल अशा पानगळीच्या वृक्षांच्या या वनात १९९१ साली जेरी मेलिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण चिकाटीचा प्रयोग मांडला. प्रत्येकी ६ मीटर लांब-रुंद असे अठरा चौकोन आखण्यात आले. सहा चौकोनांत १० सेंटीमीटर खोलीवर विजेच्या तापणाऱ्या तारा पुरल्या आणि तेथील माती शेजारच्या मातीपेक्षा कायम ५ अंशांनी उष्ण ठेवली. आणखी सहांत तशाच तारा पुरल्या, पण त्यांत वीज सोडली नाही. तारा पुरण्याच्या खोदकामानेच काही फरक पडतो काय, हे पडताळण्यासाठी. उरलेल्या सहांना हातही लावला नाही. मग मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजत राहायचे, एवढेच काम.

पहिली काही वर्षे तापवलेल्या मातीतून कार्बन जोराने बाहेर पडला. हळूहळू वेग ओसरला आणि दहा वर्षांच्या अखेरीस तापवलेल्या व न तापवलेल्या चौकोनांत फरक उरला नाही. २००२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दिलासा मिळाल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते. सोपे अन्न संपले, जीव थंडावले, तोटा एकदाच झाला आणि थांबला, असा अर्थ लावता येत होता. प्रयोग तेथेच गुंडाळला असता तर तोच अर्थ पाठ्यपुस्तकांत गेला असता.

प्रयोग चालू राहिला. पुढची सुमारे सात वर्षे शांततेत गेली. त्यानंतर, अठराव्या वर्षाच्या सुमारास, तापवलेल्या चौकोनांतून कार्बन पुन्हा वाहू लागला आणि सहा वर्षे वाहत राहिला. मग पुन्हा एक शांत कालखंड आला. २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सव्वीस वर्षांचा पूर्ण ताळेबंद प्रसिद्ध झाला. वरच्या ६० सेंटीमीटर थरातील एकूण कार्बनपैकी १७ टक्के कार्बन या काळात नाहीसा झाला होता.

शांततेच्या त्या सात वर्षांत काय घडत होते? संशोधकांनी मातीतील जीवांची तपासणी केली तेव्हा दिसले की वरून स्तब्ध वाटणाऱ्या मातीत आत खांदेपालट चालू होती. सोप्या अन्नावर वाढणारे जीव कमी झाले आणि लिग्निनसारखा लाकडातील कठीण, चिवट पदार्थ फोडू शकणारे जीव पुढे आले. जी ठेव आजवर कुलुपात सुरक्षित मानली जात होती, तिची किल्ली नव्या मुनिमांच्या हाती आली, असे म्हणता येईल.

याच वनातील मातीवर सेरिटा फ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही असेच काहीसे दिसले. साखरेसारखे सोपे अन्न दिले तर तापमान वाढूनही देह आणि श्वास यांतील वाटणी फारशी बदलत नाही. अन्न कठीण असेल तर मात्र उष्णतेत देहासाठी कमी आणि श्वासात अधिक कार्बन खर्ची पडतो. परंतु अठरा वर्षे तापवलेल्या मातीतील जीवांना या कठीण अन्नाचीही काही प्रमाणात सवय झालेली आढळली. सूक्ष्मजीव परिस्थितीशी जुळवून घेतात. त्यांचे हे जुळवून घेणे माणसाच्या सोयीचे असेलच, असे मात्र नाही.

या हिशेबाला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवणे योग्य ठरणार नाही. सेंद्रिय पदार्थ कुजताना त्यातील नत्रही मोकळे होते. त्याच वनात नंतर ३० मीटर लांब-रुंद अशा मोठ्या क्षेत्रावर माती तापवली असता, या नत्रामुळे तेथील झाडांची वाढ जोमदार झाली आणि मातीने गमावलेल्या कार्बनचा काही भाग लाकडात जमा झाला. म्हणजे एका खात्यातील तूट दुसऱ्या खात्यात अंशतः भरून निघाली. हे सर्वत्र असेच घडेल, असे नाही. जेथे झाडेच नाहीत, किंवा पीक काढून घेतल्यावर जमीन उघडी पडते, तेथे ही भरपाई करणार कोण?

पावसाची नवी चाल

बदल केवळ उष्णतेचा नाही; पावसाचाही आहे. १९५८ साली केनियात काम करणाऱ्या एच. एफ. बर्च या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की कोरडी पडलेली माती पुन्हा भिजली की काही दिवस तिच्यातील श्वसनाला अचानक उधाण येते. कोरड्या काळात मेलेल्या जीवांचे देह, फुटलेल्या ढेकळांतून उघडे पडलेले अवशेष, हे सर्व पाणी मिळताच उरलेल्या जीवांचे अन्न होते. कोरडे पडणे आणि भिजणे जितके वारंवार, तितकी ही उधळण वारंवार. आजही हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

महाराष्ट्राच्या मातीशी याचा संबंध थेट आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मृगात सुरू झालेला पाऊस मध्येच तीन आठवडे दडी मारतो, भेगा पडेपर्यंत काळी जमीन सुकते, आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस ओतून जातो. हे आता विदर्भ-मराठवाड्यात नवलाचे राहिलेले नाही. अशा प्रत्येक फेऱ्यात मातीतील जीवांच्या श्वासाला उधाण येते, आणि त्यावर कडी म्हणून वरचा सकस थर पाण्याबरोबर नाल्याला लागतो.

उत्तरेकडील गोठलेल्या प्रदेशांत हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर चालली आहे. सायबेरिया, अलास्का, कॅनडा येथील कायम गोठलेल्या जमिनीत, जीवांना काम करता येत नाही म्हणून केवळ टिकून राहिलेला, वातावरणातील कार्बनच्या दुप्पटीच्या आसपास जाणारा साठा आहे. तेथील बर्फ वितळू लागले की हजारो वर्षे थांबलेले कुजणे सुरू होते. जेथे पाणी साचून हवा पोहोचत नाही तेथे कार्बन डायऑक्साइडबरोबर मिथेनही निघतो, आणि उष्णता अडवण्यात तो कितीतरी अधिक समर्थ आहे. त्या साठ्याला हात घालणे कोणा शेतकऱ्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या हाती नाही. शेतजमिनीचे तसे नाही.

एका कारखानदाराची देणगी

शेतजमिनीत कार्बन पुन्हा जमा करता येतो काय, याचे सर्वांत जुने उत्तर एका कारखानदाराच्या शेतावर मिळते. जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ साली सुपरफॉस्फेट या रासायनिक खताचे पेटंट घेतले आणि त्याच्या उत्पादनातून मोठी संपत्ती मिळवली. लंडनच्या उत्तरेस रॉथॅमस्टेड येथील आपल्या वडिलोपार्जित जमिनीवर त्यांनी हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने १८४३ साली प्रयोग सुरू केले. ते पुढेही चालावेत म्हणून १८८९ साली एक लाख पौंडांचा विश्वस्त निधी ठेवला. ब्रॉडबॉक नावाच्या शेतात तेव्हा सुरू झालेला गव्हाचा प्रयोग आजही चालू आहे, आणि तेथील भांडारात माती व पिकांचे तीन लाखांहून अधिक नमुने बाटल्यांत जपून ठेवलेले आहेत. स्वतः रासायनिक खते विकणाऱ्या गृहस्थाने शेणखताच्या वाफ्यालाही तितक्याच काटेकोरपणे जागा दिली, ही गोष्ट विशेष म्हणावी लागेल.

ब्रॉडबॉकच्या ज्या पट्ट्यात दरवर्षी शेणखत पडत आले, तेथील मातीत सेंद्रिय कर्ब आज खत न दिलेल्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक आहे. पण त्याला शतकाहून अधिक काळ लागला. वाढ सुरुवातीला जलद झाली आणि पुढे मंदावत गेली. जवळच्याच दुसऱ्या शेतात, बार्लीच्या एका पट्ट्याला १८५२ पासून वीस वर्षे शेणखत देऊन १८७१ नंतर ते बंद केले. त्यानंतर साठा घटत गेला. तरीही शंभर वर्षांनी केलेल्या मोजणीत त्या पट्ट्यातील कर्ब कधीच शेणखत न मिळालेल्या पट्ट्यापेक्षा अधिकच भरला. आजोबांनी टाकलेल्या ठेवीचा अंश पणतवंडांच्या हाती लागावा, असा हा प्रकार आहे. मात्र भरणा थांबला की घट सुरू होते, हेही त्याच पट्ट्याने दाखवले.

आपल्या मातीची वही

भारतात मातीच्या परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यापेक्षा कमी असेल तर ‘कमी’, ०.५ ते ०.७५ टक्के ‘मध्यम’ आणि त्याहून अधिक असेल तर ‘जास्त’ असे मानतात. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेतील बारा नोंदींपैकी ही एक नोंद असते. महाराष्ट्रातील कोरडवाहू जमिनी मोठ्या प्रमाणावर पहिल्या दोन वर्गांत मोडतात. दीर्घ उन्हाळा, पीक निघाल्यावर उघडी पडणारी जमीन, वारंवार खोल नांगरट, कमी झालेली जनावरे आणि त्यामुळे आटलेले शेणखत, अशी त्याची अनेक कारणे आहेत.

हा आकडा लहान दिसला तरी त्याचे वजन मोठे आहे. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरात सुमारे २० लाख किलो माती असते. त्यात अर्धा टक्का कर्ब म्हणजे सुमारे १० टन कार्बन. तो पाऊण टक्क्यावर न्यायचा तर आणखी ५ टन कार्बन मातीत टिकवावा लागेल. टिकवावा, केवळ टाकावा नव्हे. कारण टाकलेल्या सेंद्रिय पदार्थातील बहुतेक कार्बन सूक्ष्मजीव काही वर्षांतच श्वासावाटे परत करतात. म्हणून हे काम एका हंगामाचे नाही.

तरीही ते होते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीवर ज्वारी-गहू या पिकांचा दीर्घकाळ चाललेला खतांचा प्रयोग आहे. शिफारशीच्या रासायनिक खतांबरोबर शेणखतही मिळालेल्या वाफ्यांत कर्ब आणि सूक्ष्मजीवांची हालचाल, दोन्ही केवळ रासायनिक खत मिळालेल्या वाफ्यांपेक्षा अधिक आढळतात. उसाचे पाचट न जाळता सरीत ठेवणे, पऱ्हाटी बांधावर पेटवण्याऐवजी तिचे बारीक तुकडे करून जमिनीत मिसळणे, ताग-धैंच्याचे हिरवळीचे खत, तुरीसारख्या खोल मुळांच्या डाळवर्गीय पिकाची जोड, गरजेपुरतीच नांगरट. हे उपाय शेतकऱ्यांना अपरिचित नाहीत. पाचट पेटवले की त्यातील कार्बन काही मिनिटांत हवेत जातो आणि सूक्ष्मजीवांच्या वाट्याला काहीच येत नाही. सरीत कुजू दिले तर बहुतेक भाग तसाही हवेत जाईल. पण थोडा अंश त्यांच्या देहांच्या रूपाने चिकणमातीला चिकटून मागे राहील. तो थोडा अंश हीच बचत.

जैन कुटुंबांचा मातीशी असलेला संबंध दुहेरी राहिला आहे. श्रावकाचारात जमीन फोडण्याचा व्यवसाय पंधरा कर्मादानांत गणला गेला, आणि अनेक कुटुंबे शेतीऐवजी व्यापाराकडे वळली त्याच्या कारणांत हेही एक सांगितले जाते. दुसरीकडे कोल्हापूर-सांगलीच्या भागात अनेक जैन घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शेतीच केली. पृथ्वीकायिक जीवांची शास्त्रोक्त कल्पना आणि आजचे सूक्ष्मजीवशास्त्र या दोन वेगळ्या वाटा आहेत. एकीच्या आधारे दुसरी सिद्ध करण्याचे कारण नाही. परंतु माती निर्जीव नाही, आणि विनाकारण ती उकरू नये, हा संस्कार ज्या घरांत चातुर्मासाबरोबर रुजला, त्या घरांना या विषयाचे गांभीर्य चटकन उमगावे.

व्यापारी म्हणून या घरांपुढे आता एक नवा प्रश्नही येऊ लागला आहे. शेतजमिनीत साठवलेल्या कार्बनचे ‘क्रेडिट’ करून ते विकण्याचे व्यवहार सुरू झाले आहेत. अशा व्यवहारात पैसा गुंतवण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. मोजणी किती खोलीपर्यंत झाली? सुरुवातीची शिल्लक कोणी आणि कशी मोजली? जमीन खंडाने दुसऱ्याकडे गेली आणि भरणा थांबला, तर घटीची जबाबदारी कोणाची? रॉथॅमस्टेडचे बार्लीचे शेत सांगते की साठा उलट फिरू शकतो. पीटरशॅमचे वन सांगते की दहा वर्षांची शांतता ही कायमची हमी नव्हे.

ज्यांची गावाकडे जमीन आहे आणि ती कोणी कसते आहे, अशा कुटुंबांनी यंदा उन्हाळ्यात एक गोष्ट अवश्य करावी. पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी, शेताच्या आठ-दहा ठिकाणांहून नमुना घेऊन मातीचे परीक्षण करून घ्यावे आणि सेंद्रिय कर्बाचा आकडा जमिनीच्या कागदपत्रांबरोबर तारीख घालून जपून ठेवावा. तीन वर्षांनी त्याच ठिकाणांहून, त्याच खोलीवरून पुन्हा नमुना घ्यावा. दिवाळीला पेढीची शिल्लक काढण्याची जी शिस्त या घरांत आहे, तीच मातीच्या मुद्दलालाही लावता येण्यासारखी आहे.